इतिहासस्थळांच्या शालेय सहली : गुणदोषविवेचन

१. हिंवाळा लागला कीं महाराष्ट्रांतील शाळांच्या सहली निघूं लागतात, व त्यांपैकीं पुष्कळशा कोणत्या तरी किल्ल्याकडे अगर लेण्यांकडे वळतात. हा विषय संशोधनाच्या नियतकालिकांत विचारास घेण्याजोगा आहे काय, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. प्रस्तुत लेखकासही ती बरींच वर्षें येत असे. सहल हा शिक्षकांचा विषय, साधनें हा आपला, अशी वांटणी आपण मनाशीं करून ठेविली आहे. पण जुना दगड आणि जुना कागद यांचें पुढें काय होणार, हें आपल्या दप्तरखान्यांत ठरत नाहीं. ज्या गांवांत तो दगड उभा आहे आणि ज्या घरांत तो कागद पडला आहे, तेथील माणसांच्या समजुतीवर तें ठरतें. व ती समजूत आज शाळेंत घडत आहे. त्यांतच जुलै २०२५ मध्यें मराठ्यांचे बारा दुर्ग, महाराष्ट्रांतील अकरा व तमिळनाडूंतील जिंजी, जागतिक वारशाच्या यादींत दाखल झाले. यापुढें या स्थळांकडे शाळांचा ओघ वाढणार हें उघड आहे. तेव्हां एखाद्या ग्रंथाची करावी तशी या सहलींचीही परीक्षा एकदां करणें अवश्य झालें आहे.

२. विवेचन मोघम होऊं नये म्हणून एकच उदाहरण घेतों, व तें जुन्नरचें. पुण्याहून नव्वद-पंचाण्णव किलोमीटरांवर हें गांव असल्यानें एका दिवसाची सहल येथें सोयीची पडते. रिवाज असा कीं, सकाळीं शिवनेरी, दुपारीं लेण्याद्रि, तेथून ओझरचा विघ्नहर, आणि दिवस उरलाच तर नाणेघाट. अशा सहलींबरोबर जाण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकास अनेकदां आला, व मुलांनीं मागाहून लिहिलेले निबंधही वाचावयास मिळाले. शिवनेरीवर जन्मस्थानापाशीं जयघोष होतो, छायाचित्र निघतें, आणि मागून दुसरी शाळा येत असल्यामुळें मुलांस पुढें हांकावें लागतें. लेण्याद्रीच्या सुमारें तीनशें पायऱ्या चढून दर्शन होतें. निबंधांत खिडकीजवळच्या जागेवरून झालेलें भांडण असतें, लेण्याद्रीच्या माकडांनीं पळविलेला डबा असतो, आणि शेवटीं 'ही सहल आम्हांस सदैव स्मरणांत राहील' हें वाक्य असतें.

या निबंधांस हंसण्याचें कारण नाहीं. मुलांस जें करावयास दिलें, तेंच त्यांनीं लिहिलें. परंतु परीक्षेसाठीं एक कसोटी लावावयाची तर ती हीच कीं, जी गोष्ट न जातांही लिहितां आली असती ती सहलीचें फळ नव्हे. या कसोटीस लावलें असतां माकडांचा डबा उरतो. शिवनेरी, लेण्याद्रि व नाणेघाट तिन्ही गळून पडतात. त्यांविषयीं जें लिहिलेलें असतें तें पाठ्यपुस्तकांतील असतें.

३. आतां तींच स्थळें काय देऊं शकलीं असतीं, तें पाहूं. लेण्याद्रीस ज्या स्थानीं गिरिजात्मजाचें दर्शन घेऊन मुलें परततात, तें या समूहांतील सातव्या क्रमांकाचें लेणें. मूळचा हा बौद्ध भिक्षूंचा विहार. मोठें स्तंभविरहित दालन, दोन्ही बाजूंस सात-सात व मागील भिंतीस सहा, अशा एकंदर वीस कोठड्या. मुलांस व्याख्यान न देतां नुसत्या या कोठड्या मोजावयास सांगाव्या. मोजणी झाल्यावर निदान एक तरी मूल विचारतेंच कीं, देवळास इतक्या खोल्या कशासाठीं? या प्रश्नापासून इतिहासाचा आरंभ होतो. त्याचें उत्तर देतांना आजच्या भक्तीस बाध आणण्याचें कारण नाहीं; एकाच दालनांत प्रथम भिक्षु राहिले व पुढें गणपति बसला, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मुलास त्या दोन्ही कळाव्या.

लगतच सहाव्या क्रमांकाचें चैत्यगृह आहे. त्यावरील लेखांत कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत यानें हें चैत्यगृह दिल्याचें म्हटलें आहे. कल्याण कोंकणांत, जुन्नर घाटमाथ्यावर. मग कल्याणच्या माणसाचें दान येथें कसें? या प्रश्नाचें उत्तर जुन्नराहून पश्चिमेस सुमारें तीस किलोमीटरांवर डोंगरांत कोरलेलें आहे, व त्याचें नांव नाणेघाट. कोंकणांतून वर चढणारी ही व्यापारी वाट. म्हणजे लेण्याद्रि हा प्रश्न आणि नाणेघाट हें त्याचें उत्तर, अशी हीं दोन स्थळें एकमेकांस जोडलेलीं आहेत. प्रचलित कार्यक्रमांत मात्र प्रश्न कोणी विचारीत नाहीं, आणि उशीर झाल्यामुळें उत्तर नेमकें गाळलें जातें.

नाणेघाटांतील लेणें कर्नल साइक्स यांनीं १८२८ सालीं प्रथम नजरेस आणिलें. मागील भिंतीवर सातवाहन राजकुळांतील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज वरच्या बाजूस नांवें आणि खालीं पायांच्या खुणा, एवढेंच शिल्लक आहे. सिमुक सातवाहन, देवी नायनिका व श्रीसातकर्णी, आणि एक 'महारठि' अशीं नांवें तेथें वाचतां येतात. बाजूच्या भिंतींवरील लेखांत यज्ञांचीं नांवें व दक्षिणेंत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण यांचे आंकडे आहेत. त्या आंकड्यांत शून्य नाहीं. दहा, शंभर व हजार यांस स्वतंत्र चिन्हें आहेत. आपला हजेरीपटावरील क्रमांक या पद्धतीनें लिहून पाहा, असें सांगतांच गणितांत मागें असलेलीं मुलेंसुद्धां पुढें सरसावतात, हें प्रस्तुत लेखकानें पाहिलें आहे. माथ्यावरील दगडी रांजणांत जकातीचीं नाणीं टाकीत, ही कथा तेथें प्रत्येक वाटाड्या सांगतो. ती मुलांनीं ऐकावी व लिहावीही. मात्र ती 'ऐकलेलें' या सदराखालीं लिहावी, 'पाहिलेलें' या सदराखालीं नव्हे. एवढा एक भेद ज्या मुलास कळला, त्याची सहल सार्थकीं लागली असें समजावें.

जुन्नरच्या लेण्यांतील दुसरे कांहीं लेख याहून मोलाचा धडा देतात. इरिल नांवाच्या यवनानें दोन पोढी, म्हणजे पाण्याचीं टांकीं, दिल्याचा एक लेख आहे. चिट नांवाच्या यवनानें संघास भोजनमंडप दिल्याचा दुसरा आहे. बखरींच्या वाचनानें 'यवन' या शब्दाचा एकच अर्थ मुलांच्या मनांत ठसलेला असतो. येथें मात्र यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेला ग्रीक किंवा तत्सदृश परदेशी मनुष्य, आणि तो बौद्ध संघास पाणी व जेवणाची जागा देतो आहे. शब्द तोच राहून त्याचा अर्थ शतकांगणिक पालटतो, हें सांगण्यास याहून चांगला फळा कोणत्याही शाळेंत मिळणार नाहीं.

४. शिवनेरीविषयीं स्वतंत्रपणें लिहिणें जरूर आहे. महाराष्ट्रांतील मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या चौथीच्या वर्गांत शिवचरित्र शिकत आल्या, व त्यांतील प्रत्येकास जन्मतिथि मुखोद्गत असते. ती तिथि कोठून आली, हें मात्र शिवनेरीवर उभे राहून कोणी सांगत नाहीं. कित्येक वर्षें शके १५४९ चा वैशाख, म्हणजे इ. स. १६२७, हाच जन्मकाल मानला जात होता. पुढें जेधे देशमुखांच्या घराण्याकडील शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली, व तींत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद मिळाली. तंजावरास मिळालेल्या परमानंदाच्या शिवभारताच्या पोथीनें तिला दुजोरा दिला. म्हणजे गडावर मुलें ज्या तिथीचा घोष करतात, ती गडाच्या दगडांत कोठेंही कोरलेली नाहीं. ती एका घरांतील बाडांत, थोड्या पानांवर, पुष्कळ वर्षें पडून होती. कोणा पूर्वजानें तीं पानें चुलींत घातलीं असतीं, तर आज आपण वेगळी तिथि पाळीत असतों. गड आणि कागद यांचा संबंध मुलांस दाखविण्याची ही जागा. ती हुकली म्हणजे, मुलाच्या मनांत इतिहास हा दगडांत आपोआप असतो, आणि घरांतील बोचकें म्हणजे केवळ रद्दी, अशी समजूत राहते. या समजुतीची किंमत काय पडते, तें आपल्या वाचकांस सांगावयास नको.

५. वरील सहलीस कंटाळून अलीकडे कांहीं उत्साही शिक्षकांनीं दुसरा मार्ग धरला आहे. मुलांनीं नुसतें पाहूं नये, हातानें करावें, असें त्यांचें म्हणणें आहे. तत्त्व उत्तम आहे, आणि प्रस्तुत लेखकास तें सर्वस्वीं मान्य आहे. परंतु हात कोठें लावावयाचा आणि कोठें नाहीं, हें शिकविल्यावांचून हें तत्त्व अंमलांत आणिलें, तर नुसत्या पाहण्याच्या सहलीहून अधिक हानि होते. शिलालेखाचीं अक्षरें छायाचित्रांत उठून दिसावीं म्हणून त्यांत खडू भरतात. वीरगळ 'स्वच्छ' करण्यासाठीं तारेच्या ब्रशानें घांसतात, आणि शेवटीं त्यास तैलरंग देतात. गांवाबाहेरच्या पांढरीवर मुलांस सोडून देऊन 'सांपडेल तें आणा' असें सांगतात, व दोन तासांत पिशव्या भरून खापरें येतात. जागेवरून उचललेलें खापर मुकें होतें. तें कोणत्या थरांत, कशाशेजारीं होतें, हीच त्याची बोली असते. पिशवींत आलें तें केवळ मडक्याचा तुकडा.

या दोषांत प्रस्तुत लेखकाचा वांटा आहे, म्हणून एक प्रसंग सांगतों. एका शाळेनें 'आमच्या गांवाचा इतिहास' या नांवाचें प्रदर्शन भरविलें होतें, व पारितोषिकें ठरविण्यास मला बोलाविलें होतें. सातवींतील एका मुलीनें घरांतील एक मोडी कागद मांडला होता. पाहतों तों वतनाच्या तंट्याचा पेशवाईंतील निवाडा. अक्षर सुरेख, साक्षीदारांचीं नांवें पूर्ण. तो कागद जाड पुठ्ठ्यावर डिंकानें चिकटविलेला, आणि वरून दुकानांत लॅमिनेशन करून घेतलेला होता. कागदाची पाठ पाहावी म्हणून मीं सहज तो उलटला. पाठीवर मिठाईच्या दुकानाचें नांव होतें. पुठ्ठा खोक्याचा होता. जोडांवरील शिक्के, दप्तरांत रुजू झाल्याचे शेरे, मागाहून कोणी केलेल्या नोंदी, असें जें कांहीं त्या पाठीवर असेल तें गेलें. मुलगी जवळच उभी होती. ती म्हणाली, "सर, फाटू नये म्हणून केलं. आईनं पैसे दिले." मीं तिला पहिलें पारितोषिक दिलें, आणि तें योग्यच दिलें असें आजही वाटतें, कारण तिच्या घरांत शंभर वर्षें कोणी त्या कागदाकडे पाहिलें नव्हतें, तें तिनें पाहिलें. पण आदल्या वर्षीं त्याच शाळेंत मीं तासभर व्याख्यान दिलें होतें. त्यांत जुने कागद किती मोलाचे असतात हें नानापरीनें सांगितलें होतें. ते कसे हाताळावे याविषयीं एकही वाक्य सांगितलें नव्हतें. कागद पेटींतून बाहेर काढविला मीं, आणि पुठ्ठ्यास चिकटविला तिनें.

६. हा प्रसंग सांगितला असतां संग्राहक मित्रांकडून एकच उत्तर येतें: मुलांस या गोष्टींपासून दूरच ठेवावें. या मताचा विचार केला पाहिजे, कारण तें अनुभवी लोकांचें आहे. पण ज्यांना दूर ठेविलें तीं मुलें मोठीं होतात, आणि वाडा पाडण्याची वेळ आली म्हणजे माळ्यावरील रुमालांचें काय करावयाचें तें तींच ठरवितात. राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड काढला व पुढें गांवोगांव हिंडून दप्तरें शोधलीं. त्यांना जीं घरें बंद मिळालीं, त्यांतील माणसेंही कधीं काळीं मुलेंच होतीं. कागद न दाखविल्यानें सुरक्षित राहतो असें नव्हे; तो कोणास ठाऊक नसतां नाहींसा होतो, एवढेंच.

दुसरा आक्षेप असा कीं, मुलांनीं केलेल्या नोंदी विश्वसनीय नसतात. खरें आहे. त्यांस पुरावा कोणी म्हणूं नये; ती वार्ता आहे. पण अमक्या शेताच्या बांधावर अक्षरांचा दगड आहे, तमक्या विहिरीच्या पायरीस वीरगळ बसविला आहे, ही वार्ता आपल्यापर्यंत आणणारें दुसरें कोण आहे? गांवांतील मुलाइतका गांव कोणी हिंडलेला नसतो. सहलीच्या प्रचलित पद्धतींतला मोठा दोष हाच कीं, शहरांतील पाहुण्यांस दाखवावें तसें गांवच्या मुलास त्याचेंच गांव दाखवितात. त्याला कोणी विचारीत नाहीं.

या संबंधांत एका थोर पुरुषाचें स्मरण होतें. नाणेघाटाच्या लेखावर व त्यांतील अंकांवर ज्यांनीं मूलगामी काम केलें, ते पंडित भगवानलाल इंद्रजी जुनागडचे. त्यांचा जन्म १८३९ चा. गिरनारच्या पायथ्याचा शिलालेख त्यांच्या गांवचा. प्रिन्सेप यांनीं लाविलेल्या वर्णमालेचा एक तक्ता हातीं आला, आणि त्याच्या आधारें या तरुणानें आपल्या गांवचा दगड स्वतः वाचावयास घेतला. पुढें १८६१ मध्यें ते मुंबईस डॉ. भाऊ दाजींकडे आले, आणि पश्चिम हिंदुस्थानच्या प्राचीन लेखांच्या अभ्यासाचा पाया त्यांनीं घातला. गांवचा दगड, एक तक्ता, आणि कोणी न अडविलेला मुलगा, एवढीच त्यांची सामग्री होती.

येथें एक दोष आपल्याही पदरांत घेतला पाहिजे. मंडळांनीं व संग्राहकांनीं गेल्या शतकांत गांवोगांवचीं दप्तरें जमा केलीं, व तीं जमा केलीं म्हणूनच वांचलीं, हें निर्विवाद आहे. पण किती गांवांत आपण त्या कागदांची नक्कल ठेविली? दप्तर पुण्यास आलें, खंडांत छापलें, आणि ज्या गांवचें तें होतें तेथील शाळेस त्याचा पत्ताही नाहीं. मग त्या शाळेच्या शिक्षकानें मुलांस जन्मस्थानाचा पाळणा आणि दगडी रांजण याखेरीज दुसरें काय दाखवावें? शिक्षकांवर टीका करण्यापूर्वीं हें देणें आपणांस फेडावयाचें आहे.

७. यावरून सहल कशी असावी, हें थोडक्यांत मांडतों. एका दिवशीं एकच स्थळ घ्यावें, किंवा एका प्रश्नानें जोडलेलीं दोन. मुलांच्या हातीं मोजण्याची फीत, दोरी, पेन्सिल व वही असावी. शिलालेख वाचतांना अक्षरांस खडू, तेल, पीठ कांहींही लावूं नये. आरशानें बाजूकडून ऊन पाडलें म्हणजे झिजलेलें अक्षरही उठून दिसतें, आणि आरसा धरण्याइतकें आनंदाचें हातकाम मुलांस दुसरें नाहीं. वहीस तीन रकाने असावे: पाहिलें व मोजलें तें एक, कोणाकडून ऐकलें तें दुसरें, आपणांस वाटलें तें तिसरें. सांपडलेली वस्तु हलवूं नये. जागेचें चित्र काढावें व मोठ्यांस सांगावें. जमिनींत सांपडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या पुरलेल्या द्रव्याची वर्दी सरकारास द्यावी, असा १८७८ चा कायदा आहे. आणि १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें शंभर वर्षांपूर्वींच्या वस्तु व पंचाहत्तर वर्षांपूर्वींचीं मौलिक हस्तलिखितें यांस संरक्षण दिलें आहे, हेंही शिक्षकांस ठाऊक असावें. घरचा कागद घरींच ठेवावा. कोरड्या, स्वच्छ हातांनीं उलगडून त्याच्या दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं, आणि वाचनासाठीं तीं छायाचित्रेंच वापरावीं. डिंक, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन हीं तीन नांवें वर्गाच्या भिंतीवर निषिद्ध म्हणून लिहून ठेवावीं. शेवटीं नोंदींची एक प्रत गांवच्या शाळेंत राहावी व एक जवळच्या संशोधन मंडळाकडे जावी.

याच्या बदल्यांत आपण दोन गोष्टी कराव्या. ज्या गांवचीं दप्तरें आपल्याकडे आहेत, त्या गांवच्या शाळेस निवडक कागदांच्या बाळबोध नकला पाठवाव्या; आणि अशा त्रैमासिकांनीं शाळांकडून आलेल्या वार्तांसाठीं अर्धें पान राखावें. वार्ता म्हणूनच तें छापावें, व पुढें कोणी जाणत्यानें पडताळा पाहून तसें कळवावें. शंभरांतील नव्वद नोंदी निरुपयोगी ठरतील असें धरून चाललें, तरी उरलेल्या दहांसाठीं अर्धें पान महाग नाहीं.

८. दिवाळींत आपल्याकडे मुलें अंगणांत मातीचा किल्ला करतात. इतिहासाचें हातकाम म्हणून याहून जुनी व जिवंत चाल आपणांस दुसरी नाहीं. या किल्ल्यांवर सिंहासन असतें, मावळे असतात, बुरुजावर तोफ असते, पायथ्याशीं अळीवही उगवलेला असतो. पाण्याचें टांकें मात्र क्वचित् दिसतें. गेल्या वर्षीं एका लहान वर्गास घेऊन आम्हीं शिवनेरीवर सबंध दिवस फक्त टांकीं पाहिलीं, मोजलीं, व त्यांचे नकाशे काढले. दिवाळींत त्यांपैकीं एका मुलाच्या घरीं जाण्याचा योग आला. किल्ल्याच्या माथ्यावर सिंहासनाच्या जागीं त्यानें एक वाटी मातींत बसविली होती व तींत पाणी भरलें होतें. सिंहासन कोठें आहे, असें विचारलें असतां तो म्हणाला, "ते नंतर. आधी पाणी नको का?"

त्यानें सहलीचा निबंध लिहिला होता किंवा नाहीं, तें मीं विचारलें नाहीं.